धोंड्याचे मोजे

१७ मे, रविवार. वरोरा.

अधिक महिना लागला. पोरीच्या, म्हणजे दिव्यानीच्या, लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. म्हणजे जवायाले घरी बोलवा, पाटावर बसवा, पुरणाचे धोंडे खाऊ घाला आणि जाळी पडलेला जिन्नस, अनारसे म्हणा, बत्ताशे म्हणा, तेहतीस नग द्या. हा महिना हुकला की मग पुढचा अधिक येईपर्यंत तीन वर्षं बसा.

अडचण एकच. जवाई फौजेत, सीमेवर. सुट्टी नाई.

बायको, भागीरथा, म्हणाली, पार्सल करू. मी म्हटलं, पार्सलचं डिपार्टमेंट माझं. जिनिंगमध्ये जन्मभर कापसाच्या गाठी रवाना केल्या, एक खोकं मले जड नाई.

जवाईबापू, म्हणजे प्रफुल, पोरगा हिरा आहे. तक्रार एकच. फोनवर मले म्हणतात, नमस्कार मामाजी, तब्येत बरी ना, मामीले द्या. मग मामीसोबत अर्धा अर्धा तास हसणं. साखरपुड्यापासून हेच चालू आहे. यावेळी असं पार्सल धाडतो की बापू स्वतः म्हणतील, मामीले राहू द्या, मामाजीले द्या.

संकल्प: पार्सल फर्स्ट क्लास. आणि आजपासून गोड बंद, शुगरवरून डॉक्टरनं लय बोललं आहे.

१८ मे, सोमवार

जवाईबापू नेमके कुठी आहेत, हा पहिला प्रश्न. पत्त्यात नाव, नंबर, युनिट आणि खाली ५६ एपीओ. गाव नाई, जिल्हा नाई. फौजेचं असंच असते. पण ज्याले डोकं आहे त्याले पुरावे पुरतात.

त्याईचा मोबाईलवरचा फोटो मोठा करून पाह्यला. चहूकडे पांढरंफट. झाड नाई, झुडूप नाई. डोळ्यावर काळा चष्मा, तोंडाले फडकं. बर्फ. सियाचीन, नाईतर तिथलंच आसपास.

शर्ट हाफ बाह्यांचा आहे, हे मान्य. जवानांची हिंमतच तशी. कपाळावर पाणी दिसते ते वितळलेलं बर्फ. भागीरथा म्हणाली, अहो तो घाम आहे. मी हसलो. ती नागपूरच्या वर कधी गेली नाई. मीही नाई, पण मी बातम्या पाहतो.

आणखी पुरावा: मागे म्हणाले होते, इथी पाणी जपून वापरा लागते. साहजिक आहे. सारंच गोठलं तर प्यायले काय उरते.

भागीरथा म्हणाली, दिव्यानीनं तिले होळीतच सारं सांगतलं आहे, ते कुठी आहेत ते. मी हात वर केला. फौजेची माहिती घरात बोलायची नाई. शेजारच्या लहानूभाऊचे कान आमच्या खिडकीलेच असतात.

२० मे, बुधवार

चंद्रपूरवरून दिव्यानीचा फोन. बँकेतून जेवणाच्या सुट्टीत करते. म्हणाली, बाबा, ते कुठी आहेत माहीत आहे ना तुमाले. मी तिले तिथंच थांबवलं. दुश्मन फोन ऐकते. सांगाचंच असन तर कोडमध्ये सांग.

ती म्हणाली, बाबा, ते मिठात आहेत, चहूकडे मीठच मीठ.

मीठ म्हणजे बर्फ. दोन्ही पांढरं, दोन्ही चकाकते. उभ्या उभ्या एवढा कोड सुचणं साधी गोष्ट नाई. पोरगी माझ्यावर गेली.

२१ मे, गुरुवार. पारा ४६.

घरातलं डिपार्टमेंट माझ्याविरुद्ध काम करून राह्यलं. भागीरथानं पार्सलसाठी ढीग काढला: कांदे, सातूचं पीठ, कैरीची आंबोशी, दोन पांढरे दुपट्टे. उन्हात डोक्याले बांधाले म्हणे. मी तिले समजावलं, बाई, जिथी माणूस उणे वीसमध्ये उभा आहे तिथी दुपट्टा बांधून काय करन. कांदा तर गोठून गोटा होईल, चुकून दुश्मनाले लागला तर युद्ध सुरू.

ती बरं म्हणाली. फार लवकर म्हणाली. सारं उचलून कोठीत नेलं.

२३ मे, शनिवार

अनारसे झाले. तेहतीस, वर खसखस, जाळी अशी पडली की पल्याडचं दिसते. भागीरथाच्या हाताले तोड नाई. पण मले प्रॅक्टिकल विचार करा लागते. बर्फात अनारसा दगड होईल. जवानाचा दात पडला तर जबाबदार कोण? सासरा. म्हणून अनारसे कॅन्सल.

आता एवढं केलेलं अन्न वाया तर जाऊ देता येत नाई. दोन खाल्ले. संकल्प मोडला असं नाई, ती तपासणी होती.

प्रश्न उरला, तेहतीस नग जाळीचं काय धाडायचं. आंघोळ करताना सुचलं. विणलेल्या कपड्याले जाळी असतेच. लोकरीचे मोजे. तेहतीस जोड. वाणही झालं आणि पायही वाचले.

धोंड्यात मोजा चालते का, म्हणून पुजाऱ्याले विचारून आलो. ते कूलरपुढं आडवे झाले होते. काय म्हणाले ते नीट कळलं नाई, पण मान हलली.

२४ मे, रविवार

गोपालच्या दुकानात समोर कूलर, वाळ्याच्या ताट्या, दुपट्टे. मी म्हटलं, लोकरीचे मोजे पाह्यजे, तेहतीस जोड. त्यानं आधी मले सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, भाऊ, घरून सोबत कोणी आलं आहे काय. मी कारण सांगतलं नाई, फक्त म्हटलं, देशाचं काम आहे. मग तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि मागच्या साली न खपलेलं पोतं खाली ओढलं. लाल, हिरवे, पिवळे, एका जोडीवर तर बदकं.

धागा बोटात चोळून पाह्यला. जन्म कापसात गेला, धागा मले फसवत नाई. शंभर टक्के लोकर, तेही पहाडी मेंढीची. गोपाल काही बोलायले गेला होता, पण माझा चेहरा पाहून गप्प बसला. चौतीस जोड घेतले. एक टेस्टिंगले.

दुपारी अनारसे चार. टेन्शन फार आहे.

२५ मे, सोमवार. दुपार.

फील्ड टेस्ट. रसवंतीवरून बर्फाची लादी आणली, गच्चीवर ठेवली, मोजे चढवून तिच्यावर पाय ठेवून बसलो. थंडी अजिबात लागली नाई. उलट डोक्याले चटके. मोजा पास.

लादी लवकरच संपली. मोजे ओलेचिंब. तसेच पायात ठेवून खाली येऊन आडवा झालो, तर पाय असे गार झाले की काय सांगू, डोळाच लागला. उठल्यावर मले जरा शंका आली. मोजा पायाले गार काऊन करते? मग लक्षात आलं, लादीच भेसळीची होती.

लहानूभाऊनं आपल्या गच्चीवरून सारं पाह्यलं. भागीरथाले विचारत होता, गुणवंतरावले, म्हणजे मले, डॉक्टरकडे नेता काय, त्याच्या गाडीत सीट खाली आहे.

२७ मे, बुधवार

पॅकिंग. मी दोरी आणाले बाहेर गेलो तेवढ्यात भागीरथानं मोजे खोक्यात भरून टाकले. एरवी या पार्सलले हात लावत नव्हती, म्हणजे पटलं तिले. खालच्या थरातले मोजे बोटाले एकदम भरीव लागले, गोल गोल, कडक. पहाडी लोकरीचं असंच असते, दाबली की उसळते. खोकं मात्र अंदाजापेक्षा जड झालं.

पोस्टात संघप्रिया मॅडमनं विचारलं, आत काय. मी म्हटलं, लोकरीचे मोजे. त्याईनं खोक्याले नाक लावलं, म्हणाल्या, कांद्याचा वास येऊन राह्यला. मी म्हटलं, मॅडम, मेंढीचा आहे. त्याईनं शिक्का मारला.

घरी येऊन सेलिब्रेशन. अनारसे पाच. मधले न लिहिलेले धरून डबा आता अर्ध्याच्या खाली आहे, तर उगाच डबा अडवून काय ठेवायचा.

३ जून, बुधवार

पार्सलची खबर नाई.

शेजारी लहानूभाऊच्या जवायाचा धोंडा झाला. अंगठी घातली म्हणे. अंगठीचं मले काही नाई. पण जेवण झाल्यावर सासरा-जवाई ओट्यावर बसून कशावर तरी हसून राह्यले होते, बराच वेळ. मी खिडकीतून पाह्यलं. मले वाईट वाटलं. मले पोरगा नाई. जवायानं आपल्याशी हसावं, एवढंच पाह्यजे होतं, दुसरं काही नाई.

अनारसे संपले. डबा मीच घासून ठेवला.

१० जून, बुधवार

जवाईबापूचा फोन आला. नमस्कार मामाजी, तब्येत बरी ना, मामीले द्या. पार्सल पोचलं नाई असं मामीले सांगतलं. महिना सोमवारी संपते.

डॉक्टरकडे शुगर मोजली. रिपोर्ट कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला.

१३ जून, शनिवार

सकाळी फोटो आला. दिव्यानीनं पुढं पाठवला, खाली हसरे चेहरे, लय सारे.

मी चष्मा पुसून पाह्यलं. पत्र्याच्या शेडपुढं दोरी बांधलेली. दोरीवर माझे मोजे लटकून राह्यले. लाल, हिरवे, पिवळे. प्रत्येक मोज्यात पाण्याची बाटली, मोज्यातून पाणी गळून राह्यलं. बदकांची जोड एकदम मधात. बाजूले जवान उभे, अंगात बनियन, डोक्याले कोणाचा तरी पांढरा दुपट्टा. दुपट्टा ओळखीचा होता.

मी भागीरथाले म्हटलं, बर्फात बनियन? ती म्हणाली, अहो, मीठ आहे ते. कच्छचं रण. तिथी आपल्यापेक्षा जास्त तापते. पोरीनं तुमाले फोनवर सांगतलं नव्हतं काय.

मी खुर्चीत बसलो. सांगतलं होतं. चांगलं स्पष्ट सांगतलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. जवाईबापू. मी आपसूक फोन उचलून भागीरथापुढं केला, तर फोनमधून आवाज आला, मामीले नको, मामाजीले द्या.

मी फोन दोन्ही हातांनी धरला, हे इथी लिहून ठेवतो, कोण वाचते.

जवाईबापू हसून राह्यले होते. म्हणाले, इथी दुपारपर्यंत बाटलीतलं पाणी चहा होते. पार्सल उघडलं तेव्हा सारे जवान आधी पाच मिनिटं हसून लोळले. मग एकानं मोजा भिजवला, बाटलीवर चढवला, वाऱ्यावर टांगला, आणि पाणी घागरीसारखं गार. आता चौकीवरच्या प्रत्येकाची बाटली मोज्यात आहे. साहेबानं स्वतः येऊन बदकांची जोड मागून नेली. सारे त्याले ससुरजी का फ्रिज म्हणतात. खालच्या मोज्यातले कांदेही पोचले, सातूही.

मग म्हणाले, मामाजी, एक सांगा, हे मोजे कॉटन मिक्स आहेत ना, म्हणून एवढं पाणी धरतात. लोकर असती तर जमलंच नसतं. तुमी मुद्दाम पाहून घेतले असान, जिनिंगचे माणूस.

मी खुर्चीत ताठ बसलो. मग म्हटलं, हो. कापूस पाणी कसं धरते ते मले कोणी शिकवाचं नाई.

आणि आमी दोघं हसलो. मी खराच हसलो. ते तिकडे मिठात, मी इकडे खुर्चीत. बोलत राह्यलो, गाठी कशा बांधतात ते सांगतलं, त्याईनं रणगाड्याचं काहीतरी सांगतलं. लहानूभाऊले ऐकू जावं म्हणून मी खिडकीजवळ जाऊन उभा राह्यलो. फौजेची माहिती होती, पण एखाद्या वेळी चालते.

शेवटी ते म्हणाले, बरं, आता मामीले द्या.

१५ जून, सोमवार

अधिक संपला. धोंडा वेळेत झाला, हे महत्त्वाचं.

परवाचं एक लिहायचं राह्यलं. भागीरथाकडे फोन दिला तेव्हा मी दाराआडच होतो. जवाईबापूनं तिले विचारलं असावं, मामाजीले खरंच माहीत होतं काय. ती म्हणाली, हो, त्याईले सारं माहीत होतं, म्हणून तर हट्टानं मोजे घेतले. मग अनारशांचं विचारलं असावं. ती म्हणाली, केले होते, पण उन्हात खराब झाले असते म्हणून धाडले नाई, सुट्टीवर याल तेव्हा ताजे करते.

फोन ठेवून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. माझ्याकडे पाह्यलं नाई. थोड्या वेळानं आतून म्हणाली, साड्यांच्या खालचा कागद मी वाचला. आजपासून तुमच्या चहात साखर नाई.

टेस्टिंगची जोड कपाटात पडून होती. गोपाल ती परत घेणार नाई. एक मोजा भिजवला, बाटलीवर चढवला, खिडकीत टांगला. पाणी खरंच गार झालं. पहिला ग्लास भागीरथाले दिला.

पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तेव्हा खरेदीच्या आधी विचारीन, जवाईबापू, कुठी आहात म्हणून. तसा मले अंदाज असेलच.