लाल दिवा लागलेला असताना

सांगली, ता. ९ सप्टेंबर १९४६
पोचलो एकदाचा! मिरजेला गाडी बदलताना हमालाच्या डोक्यावरून माझी पलटणीची ट्रंक पडली, पण आतलं काही फुटलं नाही. सुकुमारअण्णा स्वतः टांगा घेऊन स्टेशनवर आले होते. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, मधूनच एखादा कानडी शब्द. लढाईत चार वर्षं मी वायरलेस चालवली, म्हणून त्यांनी मला शिकाऊ म्हणून घेतलं. गाणं तबकडीवर उतरवायची विद्या वर्षभरात देतो म्हणाले. राहायला त्यांचीच माडी. गुणमालावहिनींनी दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं, कारण त्यांच्या घरात तशीच रीत. खटावहून निघताना आई म्हणाली होती, सयाजी, आता तरी एका जागी मन लावून राहा. राहीन.

ता. १२
आमचं काम चालतं ते हळदीचं जुनं गोदाम. दोन खोल्या. आतल्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दार वीतभर जाड आणि त्याला बाहेरून लोखंडी आडणा, आडवी दांडी. गाणारं माणूस आत, यंत्र आणि आम्ही बाहेर. मेणाची जाड तबकडी उबेच्या कपाटात कोमट करून यंत्रावर ठेवायची, की सुई तीन मिनिटं तिच्यात चर कोरत जाते. तेवढा वेळ लाल दिवा लागतो. दिवा लागला की दार उघडायचं नाही, काहीही झालं तरी. फसलेलं मेण तासून पुन्हा गुळगुळीत करणं माझ्याकडे आहे. आज दोन तबकड्यांना खड्डे पाडले. अण्णा रागावले नाहीत.

ता. १८
आतली खोली रिकामी असताना मायक्रोफोनची तार तपासत होतो. हेडफोनमध्ये श्वास ऐकू आला. धाप लागलेल्या माणसाचा. तार खराब म्हणून सगळे सांधे उकलून पुन्हा बांधले. गोळीबारात लाइन जोडलेला माणूस मी, जोडणी चुकत नाही. श्वास चालूच. दार उघडून पाहिलं, आत कोणी नाही. अण्णा म्हणाले, जुन्या तारा असलं काहीबाही ओढतात, लक्ष देऊ नकोस.

ता. २३
आज शब्द ऐकू आले. बाईचा आवाज, बोली आमच्याच भागातली. "दार उघडा. आवं, दार उघडा." चार वेळा धावत जाऊन उघडलं, चारही वेळा खोली रिकामी. पाचव्यांदा अण्णांनी आडण्यावरचा माझा हात धरून खाली घेतला. म्हणाले, आवाज आला तरी बसून राहायचं, सवय होते.
म्हणजे त्यांनाही येतो.

ता. २७
सवय होत नाही. बसवत नाही, पडवत नाही. दुपारी कृष्णेच्या घाटापर्यंत दोनदा जाऊन आलो. आईला पत्र लिहायला घेतलं, दोन ओळींवर थांबलो. जाऊ का परत? पण अण्णा म्हणतात, सुई आता माझ्या हाताखाली चांगली चालते. ते खरंही आहे.

ता. १ ऑक्टोबर
साताऱ्याकडच्या साळूबाई आल्या होत्या, ओव्या गायला. साठीच्या, हसऱ्या. मायक्रोफोनला हात जोडले. पहिली तबकडी झाल्यावर मला म्हणाल्या, "लेकरा, आत लय गदमदतंय रं." मी पाणी दिलं, दार लावून आडणा घातला.
दुसऱ्या तबकडीला अर्ध्यात कानात आलं — दार उघडा. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसून राहिलो. ओवी थांबलेली मला कळली नाही —
कळली होती.
सुई शेवटापर्यंत गेली. दिवा विझला. साळूबाई दाराशी पडलेल्या, ओठ निळे, गादीचा कापूस मुठीत.

ता. २
साळूबाई जगल्या. इस्पितळात आहेत, बोलत नाहीत.
वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लोटून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मनुबाई नावाच्या गाणाऱ्या आल्या होत्या, दम्याच्या. तसं गाणं अण्णांनी कधी ऐकलं नव्हतं. गाणं संपत आलं तेव्हा हेडफोनमध्ये त्यांना हाक ऐकू आली. तबकडीचं अर्धं मिनिट राहिलं होतं. ते संपू दिलं, मग उघडलं. तोवर मनुबाई गेल्या होत्या. लोकांना सांगितलं, काळीज बंद पडलं.
"त्यांनी ऐकलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आणि मी तीन वर्षं गप्प आहे."

ता. ३, सकाळी
अण्णांना सांगितलं, मी फौजदाराकडे जातोय. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आधी एक कर. मी आत बसून सगळं माझ्या तोंडानं सांगतो, तू उतरवून घे आणि तबकडी घेऊनच जा.
मला ते बरोबर वाटलं.

दहा वाजता
अण्णा आत. आडणा घाल म्हणाले, घातला. दिवा लागला. सुई चालू. वही मांडीवर. अण्णा मनुबाईंचं नाव घेतात, माफी मागतात. आवाज नीट येतो आहे —
थांबले.
धाप. कुणाची —
"सयाजी, दार उघड." अण्णाच. अण्णांचाच आवाज.
उठलो. हात आडण्यावर —
कानाशी ती बाईही. आज निराळं बोलते. "उघडू नगं."
परत बसलो. का बसलो —
दारावर थापा पडत असतील, इथे ऐकू येत नाहीत. फक्त कानात. एक मिनिट राहिलं. मी लिहीत का —
वहिनी आल्या आहेत. यंत्राशी उभ्या. विचारतात, हे कुठे आहेत. मी त्यांना लाल दिवा दाखवतो. दिवा लागला की दार —