लेन्स परत नेण्याबाबत

घोडेगाव, ता. आंबेगाव
२२ फेब्रुवारी १९९८

चि. ज्ञानेश्वर यास सावळेरामदाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर, वैजयंतीचा दमा आणि हर्षालीची दहावी ही तिन्ही संकटं आटोक्यात असतील असं धरून चालतो. माझं विचारशील तर जेवण जात नाही, झोप येत नाही आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोखेरीज कोणी फिरकत नाही. तुझ्या अंजनाताईच्या वर्षश्राद्धाला आलास तेव्हा तू ती हातभर लांब लेन्स माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालास, "दाजी, रानात हिंडा, जनावरांचे फोटो काढा, मन रमेल." मन रमलेलं नाही, एवढंच कळवायला हे पत्र.

पहिल्या दिवशी पोखरीकडच्या जानकूला वाटाड्या म्हणून घेऊन शेकरू काढायला गेलो. (मांजराएवढी तांबडी खार. तुमच्या पिंपरीत कुठली दिसायला!) तीस वर्षं मी माणसांना "हलू नका" म्हणत आलो, आणि नवरदेवापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. शेकरू ऐकत नाही. जानकू म्हणायचा "त्ये बघा", मी ती तोफ उचलायचो, डोळा लावायचो, एक भलंमोठं पान दिसायचं, ते साफ दिसेपर्यंत जानकू म्हणायचा "गेलं". असं दिवसभर चाललं. रोल धुतला तेव्हा छत्तीसपैकी पस्तिसांत पानं आणि एकात शेपूट निघालं. तेही जानकूनं शपथेवर सांगितलं म्हणून शेपूट म्हणायचं.

शेकरू नाही तर पाखरं तरी काढू, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही डिंभे धरणाच्या पाण्याकाठी बसलो. तर एक म्हातारी काठी आपटत खाली आली. तिचं नाव सोनीबाई. जुनी वाडी पाण्याखाली गेल्यावर ती अलीकडच्या टेकडीवर राहते. माझ्या हातातलं यंत्र बघून तिला वाटलं मोजणीवाले आले. "आता आनि काय बुडवायचं ऱ्हायलंय?" म्हणून तिनं काठी उगारली. (पाठीवर नाही, लेन्सवर. मी पाठ पुढे केली. एवढी तुझ्या वस्तूची काळजी घेतो.) जानकू मधे पडला. "मावशे, फोटूवालं हायेत ह्ये. लांबचं जवळ दावतंय त्ये." त्यावर म्हातारी पलीकडच्या काठाकडे बोट करून म्हणाली, "मग त्ये घर दाव."

त्या घरात तिची लेक कुशा आणि जावई बहिरू राहतात. वाडी उठली तेव्हा सगळ्यांनी एकाच टेकडीवर राहावं असं सोनीबाईचं म्हणणं होतं, जावई पलीकडे गेला, शब्दाला शब्द लागला आणि ही बोलून बसली की तुझा उंबरा मी ओलांडणार नाही. दोन वर्षं झाली. होडीनं पंधरा मिनिटांचं अंतर.

मी कॅमेरा दगडावर टेकवला, घर नेमकं लावून दिलं. तिनं डोळा लावला आणि घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. का, तर जावई अंगणात उभा होता! मग बराच वेळ ती हललीच नाही. माझ्या डोक्यावरून एक घार पायात मासा धरून गेली, इतकी खाली की मासा तडफडताना दिसला. असा फोटो जन्मात मिळत नाही. पण कॅमेरा म्हातारीच्या डोळ्याला होता. काढून कसा घेऊ?

"पोटुशी हाय," ती म्हणाली. "सातवा आसंल. मला कुनी सांगितलं न्हाई." आणि कॅमेरा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तुमचं सामान लई वाईट हाय, पावणं. इतकं जवळ दावतंय, आन् हात लावता येत न्हाई." रडली वगैरे नाही. काठी घेऊन वर निघून गेली. मी घरी येऊन जेवलो नाही.

मंगळवारी जानकू सांगत आला की म्हातारी होडीत बसून पलीकडे गेली. पण शब्द मोडलेला नाही. अंगणातच बसली आहे, घोंगडी पांघरून. लेक उंबऱ्याच्या आत, ही बाहेर, आणि जावई मधून ताटं घेऊन ये-जा करतो. आज सहावा दिवस. थंडी आहे. कोण आधी नमेल सांगता येत नाही.

तर असली ही लेन्स. एकही जनावर तिनं मला दिलं नाही, वर जिवाला घोर लावला. येऊन घेऊन जा.

तुझा,
सावळेरामदाजी

ता. क. लगेच निघू नकोस. येत्या रविवारी जानकू शेकराचं घरटं दाखवणार आहे. मी नाइलाजानंच जातोय.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तुझ्या लग्नाचा आल्बम काढून बघ. त्यातले फोटो माझे नाहीत, त्या लग्नाला आम्ही दोघं पाहुणे म्हणून आलो होतो. एरवी प्रत्येक लग्नात अंजना माझ्या शेजारी लाइट धरून उभी असायची, त्यामुळे माझ्या तीस वर्षांच्या फोटोंत ती कुठंच नाही. तुझ्याकडे एखाद्या कोपऱ्यात, गर्दीत, कितीही लांब उभी असली तरी चालेल, मोठी करायचं मी बघतो. साध्या टपालानं पाठवू नकोस, रजिस्टर कर.