पाण्याला शीग

सोमवार, ३ मार्च
अराबाला वर्गात गुणोत्तराचं गणित आलं नाही. मास्तरांनी तासभर उभं केलं. रडून लेकीचे डोळे सुजलेत. म्हटलं, घाबरतेस काय, पापा बसलाय ना. आजपासून रोज शिकवणी. गणित आमच्या रक्तातच आहे.

मंगळवार, ४ मार्च
चार बायका सहा तासांत टोपलीभर मासे धुरावर सुकवतात, तर आठ बायकांना किती तास? सांगितलं, बारा. बायका दुप्पट, वेळ दुप्पट. अराबा म्हणाली, पापा, कमी नको का लागायला? म्हटलं, किनाऱ्यावर जाऊन बघ, आठजणी जमल्या की काम होतं की गप्पा. तिने वहीत बारा लिहिलं.

बुधवार, ५ मार्च
लाल फुली. मास्तर समुद्रापासून लांब, कुमासीकडचे. त्यांना आमच्या एल्मिनाच्या किनाऱ्यावरच्या बायका काय ठाऊक? तरी जेवताना अराबाकडे बघवेना.

गुरुवार, ६ मार्च
स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. सगळे सासुरवाडीला. मेहुणीच्या बाळाचं बारसं परवा, माणसं एकशेवीस. सासूबाई जोलोफ भात नुसत्या अंदाजाने करतात. भरल्या घरात जाहीर केलं, या खेपेला हिशेब माझा. बाजारातल्या एका ओलोंकाच्या मापात वीस माणसं, म्हणजे तांदूळ सहा ओलोंका. पाणी दुप्पट, बारा. अराबाचंही उत्तर तेच. शिकवणी लागू पडली म्हणायची. एकुआ म्हणाली, नवरोजी, मापात राहा म्हणजे झालं. बायकोला विनोदाची हौस फार.

शुक्रवार, ७ मार्च, संध्याकाळ
तांदूळ आणला. बाजारातल्या बाईने ओलोंकाचा पत्र्याचा डबा दर वेळी दाणे ओघळेपर्यंत शिगोशीग भरला. वर ओंजळभर मी हट्टाने घालून घेतला. अराबाने विचारलं, पापा, तांदळाला शीग आहे, पाण्याला कुठून आणायची? म्हटलं, नसते फाटे फोडू नकोस.

शनिवार, ८ मार्च
पाणी मोजून बारा डबे. चुलीजवळच्या बायका म्हणाल्या, भाऊ, अजून घाला, तांदूळ पाणी मागतोय. मी झाकणावर हात ठेवला. गुणोत्तर म्हणजे गुणोत्तर.
भात खालून करपला, वर दाताखाली कडकड. पाहुणे कोंबडी तेवढी खाऊन उठले. सासूबाईंनी भर अंगणात विचारलं, पाणी कुणी मोजलं? मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात अराबा म्हणाली, आजी, पापांनी बरोबर सांगितलं होतं, डबे मी ओतले, मोजताना चुकले. मी तोंड मिटलं. चारचौघांत पोरीला खोटं पाडणं बरं दिसत नाही.

मंगळवार, ११ मार्च
गल्लीतली पोरं अराबाला ‘कच्चा भात’ म्हणून हाका मारतात. तिने मला पाहिलं आणि पुढे गेली. माझी मलाच लाज वाटते. रविवारी चर्चनंतर सासूबाईंना खरं सांगणार. अगदी नक्की.

शुक्रवार, १४ मार्च
अराबा गणित घेऊन आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, नको पापा, आता माझं मला येतं. बरोबर आहे, पाया मी पक्का केला. पण खोलीत फार शांत वाटलं.

रविवार, १६ मार्च
चर्चनंतर सगळे सासूबाईंकडे. वाक्य वाटेत घोकलं होतं. तोंडातून निघालं, आज ऊन फार आहे. त्यांनी ताट वाढलं. म्हणाल्या, जावईबापू, त्या दिवशी डबा तुमच्याच हातात होता, मी खिडकीतून बघत होते. पोरीने तुमची अब्रू झाकली. तुम्ही कधी बोलता, तेवढंच बघतेय आठवडाभर.
मी भाताचा घास घेतला. अराबाने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली. दोघी वाट बघत होत्या.
मी म्हणालो, भात छान झालाय.