लिटरमागे चोपन्न

४ जानेवारी
मेहुणा जेवायला आला. नव्या बाईकसकट. हात धुवायच्या आत ॲव्हरेज सांगून मोकळा : लिटरला पासष्ट. मी माझं सांगितलं, पंचेचाळीस. त्यावर तो नुसता पाणी प्यायला. पण कसा प्यायला ते मी पाहिलं.
संकल्प : एका महिन्यात साठ. स्वतःच्या अकलेवर.

५ जानेवारी
दिवसभर इंटरनेट. विषय सोपा आहे, लोकांनी उगाच बाऊ केलाय. इंजिनाला लागते हवा आणि लागतं पेट्रोल. पेट्रोल विकत, हवा फुकट. तर हवा वाढवायची, पेट्रोल कमी करायचं. एवढं कंपनीच्या इंजिनिअरांना सुचलं नसेल? सुचलं असेल, पण दाबून ठेवलं असणार.
ही म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा, गळतोय. हिची दृष्टी नळापलीकडे जात नाही.

७ जानेवारी
कार्बोरेटरचा स्क्रू डावीकडे फिरवावा की उजवीकडे, यावर तज्ज्ञांत दोन मतं. कुणाला दुखवायला नको म्हणून दोन्हीकडे थोडा थोडा फिरवला. मग मेकॅनिककडून लहान जेट बसवून घेतलं. जेट म्हणजे ज्या बारक्या भोकातून पेट्रोल आत जातं ते. भोक लहान, खर्च लहान. मेकॅनिक म्हणाला, साहेब, इंजिन तापेल. म्हटलं, थंडीचेच दिवस आहेत. त्यानं पाना उचलला.

१२ जानेवारी
त्रेचाळीस. पेट्रोलमध्ये भेसळ. उद्यापासून दुसरा पंप.
गाडी सिग्नलला बंद पडते, म्हणून उभ्या उभ्या रेस करत राहावी लागते. शेजारच्या कारवाल्यानं काच खाली करून विचारलं, काका, शर्यत आहे का? दुर्लक्ष केलं. संकल्प : सिग्नल हिरवा असतानाच तिथे पोचायचं.

१५ जानेवारी
नवा सायलेन्सर, मोकळ्या आवाजाचा. एअर फिल्टर काढूनच ठेवला, इंजिनाला श्वास घेऊ दे. वरच्या मजल्यावरून तक्रार आली की बाळ दचकून उठतं. बाळं उठतातच. कन्या म्हणाली, बाबा, आत धूळ जाईल. जाऊ दे, धुळीला काय पेट्रोल लागतं?
कन्येची काळजी वाटते. इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचा, डिप्लोमा करून वर्ष झालं, घरी बसून आहे. अर्ज पाठवते, उत्तर येत नाही. त्याविषयी घरात बोलायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे सगळ्यांच्या मनात तेच. मला निदान बाईक तरी आहे. ती बिचारी नुसती मोबाईलकडे बघत बसते.

२० जानेवारी
चाळीस. वारा समोरून असतो. जातानाही आणि येतानाही.

२३ जानेवारी
सापडलं! खरा शत्रू वजन. भंगारवाल्याकडे एका छोट्या गाडीचं पुढचं चाक मिळालं. हलकं, अरुंद, आपल्या चाकापेक्षा चार बोटं लहान. मेकॅनिकनं कुरकुरत का होईना, बसवून दिलं. गाडी आता पुढून जराशी वाकल्यासारखी दिसते. ही म्हणाली, माझ्या भावाची बाईक दिसली की नमस्कार करायला सोयीचं. हिचे सगळे विनोद माहेरच्या बाजूनं असतात.

२८ जानेवारी
चोपन्न!!!
दोनदा हिशेब केला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. लोक हसले, मी डगमगलो नाही.
एक गंमत. ऑफिस आजवर आठ किलोमीटरवर होतं, आता मीटरवर नऊ भरतात. रस्ता कुठेतरी वळवलेला दिसतो. शिवाय मीटरवर पन्नासचा वेग असतानाही आज मोपेडवरचे एक आजोबा मला मागे टाकून गेले. या वयात एवढी घाई बरी नव्हे. मला ऑफिसात रोज उशीर होतो, साहेब बोलले. साहेबांची कार लिटरला बारा देते.
संध्याकाळी कन्येनं डोकं घातलंच. म्हणे, बाबा, किलोमीटरचा काटा पुढच्या चाकावर चालतो. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या जास्त होतात, म्हणून मीटर जास्त मोजतो. ऑफिस लांब गेलेलं नाही. मी म्हटलं, हे पुस्तकी ज्ञान झालं, मी रस्त्यावरचं बोलतोय. ती मोबाईल घेऊन आत गेली. हल्ली वाद फार लवकर सोडते.

२ फेब्रुवारी
कन्येला मुलाखतीचं बोलावणं! वजनकाटे बनवणारा कारखाना, तपासणी विभाग. गावाबाहेर पन्नास किलोमीटर. वर्षभरातलं पहिलं उत्तर. घरात सगळे एकदम मोठमोठ्यानं बोलायला लागलो.
म्हणाली, सकाळच्या बसनं जाईन. म्हटलं, बाप जिवंत असताना बस? नको नको करत होती. मी रात्री जेवलो नाही. मग हो म्हणाली. शेवटी मुलीचा बापावर विश्वास असतो.

५ फेब्रुवारी
जय्यत तयारी. पन्नास किलोमीटर आणि चोपन्नचं ॲव्हरेज, म्हणजे एक लिटर पुरून उरेल. बाकीचं पेट्रोल टाकीतून काढून घरीच ठेवलं, वजन कशाला वाहायचं? कारखान्याच्या फाटकात मीटरचा फोटो काढायचा आणि तिथूनच मेहुण्याला पाठवायचा. तिची परीक्षा आणि माझी, एकाच फेरीत. हिला सांगितलेलं नाही. कन्येलाही नाही. उगाच टेन्शन घेतील.

६ फेब्रुवारी
गाडी बंद पडली.
मीटर म्हणत होता पाच किलोमीटर राहिले. रस्त्याकडेचा दगड म्हणत होता दहा. दगड जुना असावा.
दोन्हीकडे उघडं माळरान, पंप नाही की घर नाही. इंजिन इतकं तापलं होतं की हात लावता येईना. कन्या इस्त्रीच्या कपड्यांत, फाईल छातीशी धरून उभी. टाकीचं झाकण उघडून तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे. मी समजावत होतो की दोघांचं वजन हिशेबात धरायचं राहिलं, तत्त्व बरोबरच आहे. तिनं ऐकलं असं वाटत नाही. दुधाचा एक टँकर आला. तिनं हात केला, चढली, गेली. मागे वळून बघितलं नाही.
गाडी ढकलत निघालो. उताराला बरी चालते. खरं लिहायचं तर घाबरलो होतो. उशीर झाला म्हणून तिला परत पाठवलं तर, एवढंच डोक्यात होतं. तिनं वर्षभर या एका बोलावण्याची वाट पाहिली, आणि मी टाकी रिकामी केली. पंप येईपर्यंत हेच चालू होतं. पंपावर चहा घेतल्यावर जरा बरं वाटलं.

७ फेब्रुवारी
मुलाखत कशी झाली ते हिला माहीत आहे, मला कुणी सांगत नाही. मेहुण्याचा फोन आला, म्हणाला, भावोजी, लिटरभर पेट्रोल पाठवू का? त्याला कुणी सांगितलं?
नळ दुरुस्त करायला घेतला. आता जास्त गळतो.

१२ फेब्रुवारी
निवड झाली! सोमवारपासून कामावर. कारखान्याची बस कोपऱ्यापर्यंत न्यायला येते. मी सोडतो म्हणालो, तर दोघी एकदम नको म्हणाल्या.
ती वेळेत पोचली होती, टँकरवाला भला माणूस. मुलाखतीत विचारलं म्हणे की मोजणारं साधनच चुकीचं असेल, तर ओळखाल कसं? तर तिनं एका बाईकची गोष्ट सांगितली. लहान चाक, लांब गेलेलं ऑफिस, चोपन्न, सगळं. तिन्ही परीक्षक हसून हसून बेजार. एकानं चष्मा काढून डोळे पुसले. ही मला सांगताना पुन्हा हसत होती.
आधी राग आला. मग शांतपणे विचार केला. मी हा प्रयोग केला नसता तर पोरीला ते उत्तर सुचलं असतं का? म्हणजे नोकरी लागण्यात माझा वाटा किती, ते उघड आहे. तसं तिला बोलूनही दाखवलं. ती हो बाबा म्हणाली आणि पाठीवर हात ठेवला. फार बरं वाटलं.
मग सहज विचारलं, ही बाईक कुणाची म्हणून सांगितलंस?
म्हणाली, शेजारच्या काकांची.
शेजारी कुणी काका राहत नाहीत.