जानूचं उतरणं

२० ऑक्टोबर १९६९

डावा पंख दाराच्या चौकटीत अडकला होता आणि आठ माणसं यंत्राची पेटी खांद्यावर धरून उभी होती. टेकवू नका, तिरकी करा, असं मी ओरडत होतो. पुढच्या माणसाने मान तेवढी वळवली आणि विचारलं, ‘मास्तर, पाखरू घरट्यात शिरताना आधी कुठला पंख घालतंय?’ सगळे हसले. पेटी डुगडुगली. मग त्यानेच ती कलती केली आणि ती आत गेली. त्याचं नाव जानू. औंढ्याच्या वरच्या वाडीत राहतो.

माझा इथला पहिला दिवस. लोणावळा स्टेशनवर उतरल्यापासून अंगाला गार वारा लागतो आहे. बंगला ऐसपैस आहे. मालक बाजीरावशेठ, पूर्वी लाकडाचे ठेकेदार, आता पाहुणे ठेवतात. यंत्र त्यांनी लष्कराच्या लिलावात घेतलं. अशीच यंत्रं मी वैमानिकांच्या शाळेत अकरा वर्षं दुरुस्त केली म्हणून मला बोलावलं.

यंत्र म्हणजे आखूड पंखांचं लाकडी विमान. ते जागचं हलत नाही. खाली चामड्याचे भाते आहेत. आतल्या माणसाने दांडा ओढला की भाते फुगतात आणि विमान कलतं. वरून झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नाही. दिसतात फक्त काटे. ढगात उडायला शिकणारी पोरं यात बसायची. आता पाहुणे बसतील. पाटी तयार आहे : चंद्रसफर. पाडव्याला उद्घाटन.

खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो. जेवायला वाटाण्याची उसळ होती. फार दिवसांनी मला एखाद्या कामाची घाई वाटते आहे.

२४ ऑक्टोबर

भाते तीन ठिकाणी फाटले होते. शिवले, तेल लावलं. आता श्वास घेतल्यासारखे चालतात.

आज माझं टेबल लावलं. त्याच्या काचेखाली नकाशा ठेवतात आणि काचेवर तीन चाकांचं एक लहान यंत्र असतं. शाळेत आम्ही त्याला खेकडा म्हणायचो. आतला माणूस जिकडे उडेल तिकडे खेकडा सरकतो आणि मागे लाल शाईची रेघ सोडतो. शेजारी उंचीचा काटा, आकडे फुटांचे. मी कानाला फोन लावून मायक्रोफोनवर बोलायचं, आतल्याने ऐकायचं.

शेठनी पेंटरकडून चंद्राचा नकाशा काढून घेतला आहे. खड्डे, डोंगर आणि डाव्या बाजूला एक पांढरं वर्तुळ. जो वर्तुळात उतरेल तो जिंकला.

२९ ऑक्टोबर

बाजारात दुसरा विषय नाही. न्हाव्याच्या दुकानात मला कोणी पैसे देऊ देत नाही, आधी नंबर लावा म्हणतात. आत गेलं की वजन कमी होतं का, असं पोस्टातल्या कारकुनाने विचारलं. एका बाईंनी विचारलं की सोवळ्यात बसलं तर चालेल का. जुलैत माणसं चंद्रावर चालली. तेव्हापासून या गावाला आपणच मागे राहिलो असं वाटतं आहे.

जानू रोज येतो. रंगाचे डबे वाहतो, झाडतो. आज मजुरी घेताना थांबला आणि म्हणाला की मजुरी राहू द्या, मला एकदा बसवा. मी विचारलं, चंद्र बघायचा? तो म्हणाला, ‘चंद्र हितनं बी दिसतोय. वरनं माजं घर कसं दिसतंय ते बघायचंय.’

आत काहीच दिसत नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर

चाचण्या सुरू केल्या. शेठ म्हणाले, मजुरांवरच करा, पाहुण्यांना उलटी झाली तर नाव जाईल. चौघे बसले. प्रत्येकाला शून्यावरून वर नेलं, फिरवलं, पुन्हा शून्यावर आणलं.

शाळेतला एक नियम मी इथेही पाळतो. झाकण मधे उघडायचं नाही. आधी माणसाला बोलून बोलून खाली आणायचं, काटा शून्यावर आला की सांगायचं : चाकं टेकली, उतरलास. मगच झाकण. अंधारात शरीराला खरं-खोटं कळत नाही. वर असतानाच झाकण उघडलं तर माणूस जमिनीवर उभा राहूनही दोन दिवस पडत राहतो. आणि काट्याबद्दल कधी खोटं सांगायचं नाही. आतल्याला दुसरं कोणी नसतं.

जानूचा नंबर परवा.

४ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

जानू अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. मी त्याला हळूहळू वर नेलं. फोनमध्ये त्याचं हसू ऐकू येत होतं. काटा दोन हजारांवर आला तेव्हा शेठ पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आत आले. चार पुरुष, दोन बायका. शेठनी तोंडावर बोट ठेवलं, चवड्यांवर चालत विमानापाशी गेले आणि झाकण एकदम मागे फेकलं.

जानू डोळे मिटून, दोन्ही हातांनी दांडा धरून बसला होता. पाहुणे हसले. ‘ए जान्या,’ शेठ म्हणाले, ‘काय रे, देव भेटला का?’ एक बाई टाळ्या वाजवू लागल्या.

मायक्रोफोन माझ्या हातात होता. दोन शब्द सांगायचे होते. पाहुणे माझ्याकडेही बघत होते. मी हसलो आणि फोन काढून ठेवला.

त्याला दोघांनी बाहेर काढलं. तो चवड्यांवर उभा राहिला. टाच टेकेना. फरशीकडे बघून त्याने मला विचारलं, ‘अजून किती हाय खाली?’ पुन्हा हशा झाला. तो भिंत धरून गेला.

मोटार बंद केली. काटा शून्यावर यायला हवा होता. दोन हजार पन्नासवर राहिला.

५ नोव्हेंबर

सकाळी काचेवर नवी रेघ होती. वायर काढलेली, भाते रिकामे. माझ्यासमोर खेकडा अर्धा इंच सरकला, थांबला, मागे आला. एखादा माणूस अंगणात जावा आणि परत यावा, तसा.

चंद्राचा नकाशा काढून खाली तालुक्याचा नकाशा घातला. काल दुपारची रेघ बंगल्यापासून निघते, पायवाट न सोडता औंढ्याला जाते आणि वरच्या वाडीत संपते. खेकडा आता तिथेच आहे.

काटा दोन हजार पन्नास. दुपारी एकवीसशे झाला, पुन्हा खाली आला.

तो अजून वर आहे.

६ नोव्हेंबर

जानूची बायको शकुबाई फाटकाशी आली होती. म्हणाली की तो झोपत नाही, घराची मेढ कवटाळून बसतो. दोरीने स्वतःला मेढीला बांधून घेतलंय. भाकरी हातात दिली की आधी ती खाली पडू नये म्हणून घट्ट धरतो. ‘मास्तर, तुमी वर नेलंय, तुमीच आणा,’ असं ती दोनदा म्हणाली. ओरडली नाही.

शेठना सांगितलं. जानूला पुन्हा आत बसवू, रीतसर उतरवू, दहा मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले की आसनाला कालच मखमल लावली आहे.

७ नोव्हेंबर

औंढ्याला गेलो. जानूने मला ओळखलं. त्याच्या पायांना माती नव्हती. चार दिवस त्याने टाच टेकवलेली नाही.

मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, उतरलास. त्याने खाली जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘काटा बघून सांगा, मास्तर. तुमी काट्याचं खोटं बोलत न्हाई.’

निघताना मी काटा पाहून आलो होतो. दोन हजार पन्नास.

मी उठलो. शकुबाईने तोंड फिरवलं.

८ नोव्हेंबर

शेठना नवी कल्पना सुचली. जानूला रुपेरी कपडे घालून फाटकाशी बसवायचं. पाटी : चंद्रावरून आलेला माणूस. जीप पाठवून त्याला आणलं. विमान दिसताच तो किंचाळला आणि फाटकाचा खांब सोडेना. लोक जमले. एकाने त्याच्या टाचेखाली काडी घालून बघितली, खरंच हवा आहे का. शेठ म्हणाले, पाडव्याला हे असंच हवं.

संध्याकाळच्या आत परत पाठवला. रुपेरी सदरा अंगावरच होता.

नकाशा पुन्हा चंद्राचा. शेठनी खळ लावून चिकटवून टाकला. परवा दहा वाजता पहिला पाहुणा बसेल तेव्हा काटा शून्यावर ओढावा लागेल, खेकडा नव्या जागी ठेवावा लागेल. मग जानू कुठे आहे हे कोणालाच कळणार नाही. मलाही नाही.

परवा दहाच्या आत.

९ नोव्हेंबर

रात्री फोन तपासायला कानाला लावले. श्वास ऐकू आला. मागे शेळीची घंटा.

मी मायक्रोफोन उचलला आणि हळूच नाव घेतलं.

श्वास थांबला. मग तो म्हणाला — व्हय, मास्तर.

त्याला विमानात बसवायची गरज नाही. इथूनच आणता येईल. उद्या उजाडल्यावर. त्याला सांगितलं. तो रडत होता किंवा हसत होता.

१० नोव्हेंबर, पाडवा. सकाळी साडेनऊ

आणला. खाली आणला.

सातला सुरू केलं. दोरी सोडायला सांगितली. उतरायला मोकळी जागा हवी होती — वर्तुळ घेतलं, डावीकडचं. पश्चिमेला. तो हवेत होता, वाटेत काय आहे याचा विचार करायचं कारण नव्हतं. डावीकडे, म्हणालो. सरळ. सरळ. खेकडा सरळ चालला. एकदा बायकोची हाक ऐकू आली, लांबून. मागं वळू नकोस, म्हणालो. वळला नाही.

दोन तास काटा उतरेना. नाक खाली, म्हणत राहिलो. दोन हजार. एकवीसशे. दोन हजार. मग फोनमध्ये नुसता वारा. तो म्हणाला, मास्तर, फुडं काय न्हाई.

चांगलं आहे, म्हणालो. मोकळं आहे. नाक खाली कर.

काटा पडला. बाराशे. तिथे अडला. श्वास वेगळा येत होता, ओला. वेळ नव्हता. अजून थोडं, म्हणालो. जानू, अजून थोडं. सरपटल्यासारखा आवाज. एक हजार — आठशे — पुन्हा एकदम — तीनशे.

शून्य होईना. तेवढा फरक या यंत्रात राहतोच. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी म्हणालो, चाकं टेकली. उतरलास.

उत्तर आलं नाही. झोपला असेल. सहा दिवसांची झोप.

काटा हलत नाही आता. खेकडाही नाही.

१० नोव्हेंबर, दुपार

फाटकापर्यंत रांग. काटा शून्यावर ओढला, पहिला पाहुणा बसवला. उतरवला. दुसरा. शेठ जानूला शिव्या देत होते, रुपेरी सदरा घेऊन पळाला म्हणून.

तिसरे एक रेल्वेचे म्हातारे गार्ड. बसता बसता म्हणाले — हसत — स्टेशनच्या पाटीवर वाचलं नाही का, मास्तर? समुद्रापासून दोन हजार फुटांवर आम्ही आधीच बसलोय. तुम्ही अजून किती वर नेणार?

सगळे हसले.

दोन हजार. मेढीपाशी दोन हजार पन्नास. घरामागच्या चढावर एकवीसशे. तो त्याच्या अंगणात — तो सहा दिवस जमिनीवरच — काटा खरं सांगत होता, मी —

पश्चिमेला कडा आहे. कड्याखाली कोकण. मी त्याला शून्यापर्यंत

११ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजता रेल्वेच्या गँगमननी जानूला घाटाखालच्या रानात मरून पडलेलं पाहिलं. रुपेरी सदऱ्यामुळे लांबून दिसला. अर्ध्या उतारावर एका कपारीत रक्त होतं आणि तिथून पुढे सरपटत गेल्याच्या खुणा. शकुबाई बंगल्यावर आली. तिने विचारलं, ‘त्याला उतरलास म्हनलात का?’ मी हो म्हणालो. त्याने ऐकलं का, असं तिने विचारलं. ते मला माहीत नाही, असं सांगितलं. दहा वाजता खेळ सुरू झाला.