आईनं कधी यावं

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, खोकलाही गेला. पण आईला इकडे आणायचा महिना तुम्ही चौथ्यांदा बदललात! भाऊजींना युरोपात येऊन बर्फात फोटो काढायचा, म्हणून डिसेंबर? तेव्हा इकडे साडेचारलाच अंधार पडतो, फुटपाथ तेल सांडल्यासारखे निसरडे होतात. आईचे गुडघे काय फोटो सांभाळणार? जुलैत आमचं हॉटेल भरलेलं, म्हणजे मी लाँड्रीत चादरींखाली गाडलेला. सप्टेंबरअखेर ऊन कोवळं असतं, गर्दी पांगते आणि मला आठ दिवस रजा मिळते. हे तीनदा लिहून झालं!

आईला कुणी विचारलंत का? मी विचारलं. म्हणाली, "शहर राहू दे रे. तू जेवतोस कुठे बसून, ते बघायचंय."

सप्टेंबरचंच तिकीट काढा. तोवर मी जेवायचं टेबल घेतो. सध्या नाही, हे तिला सांगू नकोस.

तुझा,
धाकटा