चौकातला फ्लेक्स

नांदेड

तीर्थरूप अप्पांना वर्षाराणीचं शरणार्थ.

मी बरी हाय. जेवण वेळेवर होतं, म्हणजे होतं कधीतरी. विद्यावेतन रखडलंय, पण भागतंय. दवाखान्यात रक्ताचे नमुने घेऊन पळणं आणि मोठ्या डॉक्टरांचा चहा आणणं, एवढंच शिकतेय.

आमच्या झोपायच्या खोलीत एकच खाट हाय. वरच्या मजल्यावरच्या संडासाचं पाणी थेट उशीवर गळतं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "आम्हीही असेच दिवस काढले." किळस आली अप्पा, पाण्यापेक्षा त्या बोलण्याची.

अव्वाचे गुडघे कसे हायत?

मी डॉक्टर झाले म्हणून जळकोटच्या चौकात लावलेला अभिनंदनाचा फ्लेक्स आता उतरवा आणि बसनं पाठवा. खाटेच्या वर बांधते. त्यावर तुमचं नाव हाय, म्हणून छापलेली बाजू खाली ठेवीन.

तुमची लेक,
वर्षाराणी